मकडीबाबाचं जाळं

रूपरावच्या कापसाच्या कोठ्यापुढं त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कोठा तसा रिकामाच. वेचणी सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना होता. पण मकडीबाबा येऊन उतरल्यापासून निम्मं धामणखेडा तिथंच उठत-बसत होतं. केळझरची माणसं आली होती, सेलूची आली होती, आणि उद्या आष्टीहून जीप भरून येणार अशी बातमी कुणीतरी देत होतं.

लोबानाच्या धुरात पाटावर बाबा बसला होता. अंगात काळी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ, उजव्या हाताशी जळता दिवा, डाव्या हाताशी विभूतीची पितळी डबी. त्याच्यासमोर मान खाली घालून बसल्या होत्या भागीरथाबाई, सायकल दुरुस्तीवाल्या महादेवरावांची बायको. त्यांच्या मानेवर कानाखालून खांद्यापर्यंत चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठला होता, आणि त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड.

"आठ पाय, आठ डोळे, आठ पहराचं जहर!" बाबा गरजला. "पहले पहर में चमडी, दुसरे पहर में मांस. आणि आठवे पहर में काय जाते? बोला!"

"जीव!" गर्दी एका सुरात म्हणाली.

"मकडी जहर सोडते तं आंग में जाल बुनते, माय. जाल कलेजेपर्यंत पोचलं का खेल खतम. डागदरची सुई जाल काटत नाई. जाल खिचना पडता है!"

भागीरथाबाईंना फोड येऊन तीन दिवस झाले होते. तीन दिवस म्हणजे चोवीस पहर. बाबाच्या हिशेबानं त्या एव्हाना तीनदा मरायला हव्या होत्या. पण असा हिशेब त्या धुरात कोण करतो?

बाबानं डबीत बोटं बुडवली, अंगठा त्या पट्ट्यावर दाबला आणि पुटपुटायला लागला. भागीरथाबाई कळवळल्या. "जळते... लय जळते!"

"जळणारच! जहर जागा सोडून राह्यलं!"

बाबानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून झटकन फाकवली, पुन्हा लावली, पुन्हा फाकवली. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मानेजवळून पांढरे, केसाहून बारीक धागे निघायला लागले. एक, दोन, पाच, दहा. धुरात तरंगणारं जाळं, थेट कोळ्याचं. बाबानं ते दिव्यावर धरलं. भक्कन ज्योत उठली, काळा धूर निघाला. बायांनी पदर तोंडाशी नेले.

मागं खांबाला टेकून महादेवराव पाहत होते. त्यांनीही हात जोडले. पण हात जोडता जोडता त्यांच्या नाकानं काहीतरी हेरलं. ओळखीचा वास. लोबानाच्या खाली दबलेला, क्षणभर आलेला आणि गेलेला. कशाचा, ते काही त्यांना आठवेना. घरी जाईपर्यंत ते नाक चोळत राहिले.

मकडीची, म्हणजे कोळ्याची, ही दहशत गावात शिरली होती गणपतीत. सत्त्याण्णव सालचा तो भाद्रपद. मंडळानं पहिल्यांदाच मांडवात बारा ट्यूबलाइट लावल्या होत्या. रोज संध्याकाळी भजन, खाली सगळा गाव मांडी घालून. चौथ्या दिवशी यशोदाबाईंची पापणी सुजली. पाचव्या दिवशी दोघांच्या माना भाजल्यासारख्या झाल्या. विसर्जनापर्यंत पंधरा-वीस जणांच्या अंगावर फोड आले. कारण शोधायला कुणी लांब गेलं नाही. वर पाहिलं, तर ट्यूबच्या कडेला कोळ्यांची जाळी लोंबत होती.

"मकडी मुतली!"

म्हातारी माणसं हे आधीही म्हणायची. पण एकेकट्याला फोड यायचा, आठ दिवसांत खपली पडायची, विषय संपायचा. आता एकदम वीस जण म्हटल्यावर गाव बिथरलं. घराघरात झाडू फिरले. दिसेल तो कोळी चपलेखाली गेला. तानबानं गोठ्यातली जाळी पेटत्या टेंभ्यानं जाळायला घेतली आणि निम्मा कडबा जाळून बसला. तुरीच्या ओळींत पिवळ्या पट्ट्यांचे मोठे कोळी लटकतात, म्हणून बाया निंदणाला जायला तयार होईनात. गवत कपाशीच्या कमरेपर्यंत आलं. रात्री अंगावर दोरा पडला तरी माणसं किंचाळून उठायची. आणि नेमक्या अशा वेळी रूपराव कुठूनसा, छिंदवाड्याकडून म्हणे, हा बाबा घेऊन आला.

महादेवरावांच्या घरात मात्र एक जण हे मानत नव्हतं. सून ज्योत्स्ना. हिंगणघाटची पोरगी, बारावी सायन्स झालेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा आदेश बुटीबोरीच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी. सासूचं जाळं निघाल्यावर दोन दिवसांनी ती औषधाची एक रिकामी बाटली घेऊन सासऱ्यांसमोर आली.

"मामाजी, हे पाहा."

बाटलीत एक किडा होता. मुंगीपेक्षा जरा मोठा, लांबोडका, डोकं काळं, मधे नारिंगी, शेपटाकडं पुन्हा काळा.

"हे ट्यूबवर येते, उजेडाले. अंगावर बसलं का माणूस चिरडते. त्याचा रस लागला का जळते. चावत-बिवत काई नाई."

"तुले कसं माहीत?"

तिनं बाही वर केली. मनगटाच्या वर लाल डाग, त्यावर दोन फोड. "परवा मुद्दाम चिरडून पाह्यला. काल लाल झालं, आज फोड आला. आत्याबाईच्या मानेवर होता तसाच. मकडी तं हे किडे खायले ट्यूबजवळ जाते. चोर पळून गेला अन् राखणदाराले मारून राह्यले सगळे."

महादेवरावांना पोरीचं कौतुक वाटलं आणि धास्तीही वाटली. "सासूले सांगतलं?"

"सांगतलं. त्या म्हणाल्या, शिकलेल्या पोरीची जीभ लंबी असते."

"राहू दे मंग. तिले बरं वाटून राह्यलं ना? कायले वाद."

ज्योत्स्नानं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "त्यायले बरं वाटलं नाई मामाजी, त्या बऱ्या झाल्या. होणारच होत्या." एवढं बोलून ती आत गेली. महादेवराव कितीतरी वेळ हातातला पाना फिरवत बसले.

त्याच आठवड्यात रूपराव दुकानात आला.

"महादेवराव, पंक्चरच्या सोल्युशनच्या तीन ट्यूबा द्या."

"तुमच्याकडं सायकल कुठं हाय?"

"बाबाच्या रबरी आसनाले भोक पडलं."

चार दिवसांनी पुन्हा दोन. "अजून भोक पडलं," रूपराव दुसरीकडं पाहत म्हणाला. महादेवरावांनी दिल्या. पण त्यांचं मन आता जागेवर राहीना. असं कसलं आसन हे, ज्याला रोज भोक पडतं?

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावताना त्यांच्या अंगठ्याला सोल्युशन लागलं. तीस वर्षं लागत होतं. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी अंगठा तर्जनीवर दाबून चोळला, बोटं फाकवली, आणि तसेच बसून राहिले. दोन बोटांच्या मधे पांढरं, केसाहून बारीक जाळं तरंगत होतं.

त्यांनी काडी ओढली. जाळं भक्कन पेटलं. आणि मग नाकातला तो अडकलेला वास आपोआप सुटला. पेट्रोलसारखा, रबराचा. त्यांच्या स्वतःच्या दुकानाचा वास.

ते उठले. कोठ्याच्या दिशेनं निघाले. मारुतीच्या पारापर्यंत गेले आणि परत फिरले. पुन्हा निघाले, पुन्हा फिरले. गिऱ्हाइकानं विचारलं, "काय हारपलं, महादेवराव?" त्यांनी ठिगळ दाबून त्याची ट्यूब चाकात बसवली. दुकानाची जागा रूपरावची होती. भागीरथाबाई दर गुरुवारी बाबाला नारळ नेत होत्या. आणि चारशे माणसांसमोर उभं राहून 'हा लबाड आहे' म्हणायला जी छाती लागते, ती आपल्याला आहे का, हेच त्यांना कळत नव्हतं. सोल्युशनची एक ट्यूब मात्र त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. आज बोलू, उद्या बोलू. ट्यूब खिशात राहिली. रोज सकाळी ती या शर्टातून त्या शर्टात जायची. जेवण गोड लागेना, झोप लागेना. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी पहाटे ज्योत्स्ना पोट धरून उठली. दोनदा उलटी झाली. भागीरथाबाईंनी ओवा दिला. "जागरण झालं असन, पडून राह्य," म्हणाल्या. महादेवराव शाळेच्या वेळेआधी दुकान उघडायला फाट्यावर गेले. तासाभरात शेजारच्या प्रमिलाबाई धापा टाकत आल्या.

"भाऊजी, चाला लवकर! सूनबाईले मकडी चावली! गोधडीवर येवढी मोठी मकडी होती, म्या सोता पाह्यली. पोरगी डोळेच उघडून नाई राह्यली!"

"कुठं हाय?"

"बाबाकडं नेली!"

महादेवराव धावले. हातात पंप होता, तो कुठं टाकला ते त्यांना नंतरही आठवलं नाही.

कोठ्यात खाटेवर ज्योत्स्नाला निजवलं होतं. अंगावर लाली नाही, सूज नाही, फोड नाही. पण दोन्ही पापण्या अर्ध्यावर पडलेल्या. ती झोपेत नव्हती. डोळे उघडायची पराकाष्ठा करत होती आणि ते उघडत नव्हते. ओठांच्या कडेनं लाळ ओघळत होती. बाबा तिच्या हातावर अंगठा दाबून पुटपुटत होता.

"बडी जहरी मकडी हाय! तीन जाल लागतीन. एक अभी, एक दोपहर को, एक श्याम को. तोपर्यंत हिले हलवायचं नाई!"

"मामाजी..." पावलांचा आवाज ओळखून ज्योत्स्ना बोलली. आवाज नाकातून, फाटका. "मकडी... नाई. थुंकी... गिळल्या जात नाई."

दुसऱ्याची लेक आपल्या भरवशावर घरात आली. तिनं खरं काय ते हातावर फोड घेऊन दाखवलं. आणि आपण खिशात उत्तर ठेवून पंधरा दिवस गप्प बसलो.

"उचला तिले," ते म्हणाले. "वासुदेवरावची जीप बोलवा. सेवाग्रामले न्यायची."

"खबरदार!" बाबा ओरडला. "हलवली तं जाल कलेजेले लागन! खून तुझ्या माथ्यावर!"

खाटेला लागलेले हात मागं सरले. भागीरथाबाई नवऱ्यापुढं आडव्या झाल्या. "काऊन असं करता? माह्यं दुखणं याच हातानं गेलं. जाळं निघू द्या तिचं. पाया पडते तुमच्या!"

महादेवरावांनी खिशातून ट्यूब काढली. बोटभर सोल्युशन अंगठ्यावर घेतलं, दोन फुंकरा मारल्या. शेजारी रूपराव उभा होता. त्यांनी अंगठा रूपरावच्या टकलावर दाबला आणि बोटं फटाफट उघडमीट करायला लागले.

रूपरावच्या टकलातून जाळं निघालं. पांढरं, लांब, तरंगतं.

रूपरावनं दचकून डोक्यावर हात फिरवला.

"बोला! रूपरावले कधी मकडी चावली?" महादेवराव आता ओरडतच होते. त्यांनी अंगठा खांबावर दाबला. खांबातून जाळं निघालं. खाटेच्या पायातून निघालं. दिव्यावर धरलं, भक्कन पेटलं. "खांबाले मकडी चावली? खाटेले चावली? मंतर नाई, तंतर नाई. पंक्चरचं सोल्युशन हाय हे! ह्या रूपरावनं पाच ट्यूबा नेल्या माह्याकडून!"

"ये... ये भी सिद्धी है!" बाबा चाचरला. "माझी शक्ती याच्या हातात उतरली! भक्तहो..."

दोघं-चौघं हात जोडायला लागलेही. माणसाचं मन असं एका क्षणात वळत नाही. पण भागीरथाबाई पुढं झाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरून नाकाशी नेला. मग बाबाचा हात धरला. तो हिसका द्यायला लागला, तर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याचीही बोटं हुंगली. तीस वर्षं त्या नवऱ्याचे शर्ट धूत होत्या. साबण लावला, सोडा लावला, तरी न जाणारा तो वास.

त्यांनी बाबाचा हात घाण लागल्यासारखा झटकला.

"उचला," त्या म्हणाल्या. "उचला माह्या पोरीले!"

मग मात्र सगळेच धावले. तानबानं पाय धरले, प्रमिलाबाईंनी डोकं मांडीवर घेतलं. वासुदेवरावांची जीप खड्डे न बघता निघाली. सेलूच्या पुढं ज्योत्स्नाचा श्वास तुटायला लागला. महादेवराव तिच्या तोंडाशी कान लावून बसले होते. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट. "ज्योत्स्ना, घे बाई. अजून एक घे." वर्धा आलं, वर्ध्याची गर्दी आली, आणि सेवाग्रामच्या दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत पापण्या पाहिल्या, नाडी पाहिली, आणि जास्त न विचारता घशात नळी घालून श्वास हातानं द्यायला सुरुवात केली. मग तिच्या घोट्याखाली बोट ठेवलं. सुईनं टोचावेत असे दोन ठिपके. दाखवल्याशिवाय दिसलेच नसते.

"खाली झोपली होती?"

"हो जी. सतरंजीवर."

"साप चावला आहे, मण्यार. मण्यारीचा दात बारीक असतो. सूज येत नाही, फारसं दुखतही नाही, झोपेत कळतसुद्धा नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. कोळ्यानं पापण्या पडत नसतात." त्यांनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी आणली असती, तर मला काहीच करता आलं नसतं."

संध्याकाळी. म्हणजे तिसरं जाळं निघायच्या वेळी.

दोन दिवस ज्योत्स्नाचा श्वास यंत्रानं चालला. तिसऱ्या दिवशी तिनं एक डोळा उघडला. आदेश बुटीबोरीहून येऊन उशाशी बसला होता. दहाव्या दिवशी ती घरी आली, भिंत धरून चालत.

गावात तोवर बरंच घडून गेलं होतं. जीप निघाल्यावर लोकांनी विभूतीची डबी उघडली. वरच्या कप्प्यात राख, खालच्यात सोल्युशन. बाबाच्या पेटीत पिळून चपट्या झालेल्या ट्यूबांचा ढीग. बाबा मागच्या दारानं तुरीच्या शेतात शिरला तो पुन्हा दिसला नाही. मकडीला घाबरून त्या शेतात कुणी त्याच्या मागं गेलं नाही, हेही तेवढंच खरं. रूपराव सगळ्यांना सांगत फिरत होता, "मलेही फसवलं, मलेही फसवलं." काहींनी मानलं, काहींनी नाही.

ज्योत्स्ना ओट्यावर बसली की बाया जमायच्या. ती बाटलीतला वाळलेला किडा दाखवायची. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा, सांगायची.

"मंग मकडी काईच करत नाई म्हणतं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"दाबली, हातात धरली तं चावते कधी कधी. लाल होते, ठणकते, उतरते. नाई उतरलं तं दवाखाना हाय. पण मुतून फोड आणत नाई, अन् अंगात जाळं तं बिलकुलच विणत नाई. तिचं जाळं कपाशीतल्या किड्यायसाठी असते, बाई."

बोलता बोलता ती दमली. भागीरथाबाईंनी आतून पाणी आणून तिच्या हातात दिलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "हे पोरगी मले महिनाभर अगुदर सांगत होती. म्या आयकलं नाई."

महादेवराव दुकानाला निघाले होते, ते पायरीवरच थांबले.

"तू आयकलं नाई ते माफ हाय," ते म्हणाले. "तुले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. माह्या खिशात होतं. म्या रूपरावले घाबरलो, तुले घाबरलो, गर्दीले घाबरलो. माह्या गप्प बसण्यानं हे पोरगी गेली असती." ते ओट्यावरच्या बायांकडं वळले. "म्हणून सगळ्यायले हात जोडून सांगतो. कोणी काई चमत्कार दाखवला तं पाया पडाच्या आंधी हात पाहा त्याचा. धूर कायले करते ते इचारा. बरं वाटलं तं कशानं वाटलं ते इचारा. अन् माणूस आजारी पडला तं आंधी दवाखान्यात न्या, मंग बसा इचार करत. अन् ज्याले खरं माहीत हाय, त्यानं त्याच दिवशी बोलावं. चार लोक हासतीन, हासू द्या. हासल्यानं कोणी मरत नाई."

मग यशोदाबाई उठल्या. त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यात टेकवलेलं विळा-खुरप्याचं गाठोडं उचललं आणि प्रमिलाबाईंना म्हणाल्या, "चाल वो. ऊन चढाच्या आंधी तुरीच्या चार ओळी तरी निंदून होतीन."

आणि दोघी शेताच्या वाटेला लागल्या.